अर्ध्यावर तोडलेली वाक्यं

औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहणाऱ्याला डॉक्टरांचं अक्षर वाचता आलं पाहिजे, असं सगळ्यांना वाटतं. अशाच एका काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मावशीचं मत वेगळं होतं. अक्षर काय, चार महिन्यांत कुणालाही वाचता येतं. वाचायचा असतो तो माणूस. एखादा दारातच घुटमळला, आधी टूथपेस्ट मागितली, मागे कुणी उभं नाही ना हे बघून घेतलं आणि "अजून ते एक..." म्हणत कानाची पाळी खाजवायला लागला, की मावशीचा हात डावीकडच्या खालच्या खणाकडे गेलेला असायचा. मलम कागदी पिशवीत पडायचं, पिशवीचं तोंड दुमडलं जायचं आणि 'मूळव्याध' हा शब्द चारचौघांत न उच्चारता तो बिचारा सुटल्यासारखा बाहेर पडायचा.

"मावशी, तुम्ही गिऱ्हाइकाच्या पोटातलं ओठावर यायच्या आत पिशवीत घालता," मालक म्हणायचे.

"ओठावर आलं की लाजतात हो. मग शेजारच्या दुकानात जातात."

मालकांना हे पटायचं. रांग कितीही लांब असो, मावशी उभी असली की ती भराभर सरकायची. लोक अर्धं वाक्य घेऊन यायचे आणि पूर्ण औषध घेऊन जायचे. या गुणाचा तिला अभिमान होता, आणि का नसावा? कितीतरी अडलेल्या माणसांची तिने अशी अब्रू राखली होती.

परीक्षा जवळ आल्या की मुलांच्या आया यायच्या. "काहीतरी डोक्याचं द्या ना. तासन्‌तास बसतो, पण एक अक्षर टिकत नाही." मावशी मागच्या फळीवरची तपकिरी बाटली काढायची. "रोज सकाळी एक चमचा. आणि रात्री जागवू नका त्याला, झोपू दे." बाटली सगळ्या जणी घ्यायच्या. झोपेचं कुणी घ्यायचं नाही. त्याला ना झाकण, ना लेबल. सुरुवातीला मावशीला त्याचं हसू यायचं. पण एखादी गोष्ट वर्षानुवर्षं विकत राहिलं की ती विकणाऱ्यालाही हळूहळू पटत जाते. बुद्धी, स्मरण, मेंदूची ताकद, सगळं त्या फळीवर ओळीने लावलेलं आहे, असं तिलाही वाटायला लागलं होतं.

तिचा नवरा फळबाजारात लिलाव पुकारायचा. बाजारात त्याला तोफ म्हणत. एकदा तोंड सुटलं की पेटीचा भाव, मालाची तारीफ, व्यापाऱ्यांची टिंगल, सगळं एका दमात. घरात दोघंही असे तुफान बोलणारे, त्यामुळे वाक्यं पूर्ण व्हायचीच नाहीत.

"अहो, ते खालच्या..."

"भरलं बिल. तू त्या..."

"आणल्या. पिशवीत आहेत."

लेक लहान असताना म्हणायची, "तुम्ही दोघं बोलता की एकमेकांवर झडप घालता?" ती दोघं हसायची. समोरच्याचं वाक्य उचलून पुरं करणं हीच त्या घरात मायेची रीत होती.

एका बाबतीत मात्र मावशीची डाळ शिजली नाही. त्याला रक्तदाब होता. गोळी लिहून दिलेली होती, घरात पडून होती.

"अहो, गोळी."

"संध्याकाळी घेतो."

संध्याकाळी विचारलं की, "आता उद्या सकाळीच." पहाटे उठून बाजार, रात्री उशिरापर्यंत टीव्ही, आणि दिवसभर लिलावाच्या मध्ये मध्ये सिगारेट. "मी भाव चढवतो, माझं प्रेशर चढणार नाही तर काय त्या काटेवाल्याचं चढणार?" ती चिडली की तोच हसून म्हणायचा, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय!" आणि तीही हसायची. त्या हसण्याचं तिला पुढे फार वाईट वाटत राहिलं. तेव्हा भांडायला हवं होतं.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी तो सफरचंदांच्या पेट्यांसमोर उभा होता. बोली चढत होती. चढता चढता तो मध्येच थांबला. हात वर, तोंड उघडं, आवाज नाही. व्यापाऱ्यांना वाटलं, तोफेने नवा डाव काढला, भाव अडवून धरला. एकाने बोली वाढवली. दुसऱ्याने त्याच्यावर चढवली. तिसरा म्हणाला, "आता तरी सोड की बाबा!" त्याच्या आयुष्यभराच्या बडबडीला आला नसेल एवढा भाव त्या दिवशी त्याच्या गप्प राहण्याला आला.

खरं काय ते एकट्या काटेवाल्याला कळलं. हा मालाचं वजन करणारा माणूस, लहानपणापासून बोलताना अडखळायचा. शब्द घशात अडकलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे त्याला आतून माहीत होतं. त्याला 'गाडी बोलवा' असं ओरडायचं होतं, पण पहिलं अक्षरच सुटेना, आणि सवयीने दोघं-चौघं हसले. मग त्याने ओरडणं सोडलं, पेट्यांवरून उडी मारली आणि मित्र खाली कोसळायच्या आत त्याला मिठीत धरलं.

जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. अगदी गेली असं नाही. 'हं', 'नको', 'ते', असे सुटे शब्द यायचे.

हॉस्पिटलात डॉक्टर समजावत होते तेव्हा मावशीने आपली यादी तोंडपाठ म्हणून दाखवली. मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल, बी-बारा, जिंक, आणि ते गिंको, मेंदूला रक्त पोचवतं म्हणतात ते.

"गिंको अजिबात नको," डॉक्टर म्हणाले. "रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, कुठेतरी रक्तस्राव व्हायचा. बी-बारा तपासलंय, ठीक आहे. बाकीच्यांनी मेंदू भरून येतो असं काही सिद्ध झालेलं नाही. प्रेशरची गोळी एकही चुकवायची नाही. सिगारेट बंद, मीठ कमी. रोज चालवा. झोप नीट होऊ दे. आणि माणसांत राहू दे त्यांना, बोलू दे."

"एवढंच?" मावशीने विचारलं.

स्पीच थेरपिस्ट म्हणून एक तरुण मुलगी यायची. तिने मावशीला बाजूला घेतलं. "त्यांना सगळं कळतंय. शब्द आत आहेत, फक्त सापडायला वेळ लागतो. तो वेळ तुम्ही द्यायचा. चुकीचा शब्द आला तरी येऊ द्यायचा. शोधण्यातूनच नवी वाट पडते."

"म्हणजे त्यांची तडफड नुसती बघत बसायची?"

"हो. तेच अवघड असतं. आणि पहिले काही महिने फार मोलाचे असतात."

मावशीने मान हलवली. तिला खरंच कळलं होतं. कळणं आणि वळणं यांत किती अंतर असतं, हे मात्र तिला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

घरी आणल्यावर तिने काही कमी केलं असं कुणी म्हणू शकणार नाही. गोळ्या वेळेवर. जेवण अळणी. सकाळी त्याचा डावा हात खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालणं. झोपायच्या खोलीला जाड पडदे. आणि डॉक्टरांनी नको म्हटलेलं एक सोडून बाकी सगळ्या बाटल्या खिडकीत ओळीने मांडल्या गेल्या. मालक म्हणाले, "घेऊन जा, मावशी, खरेदीच्या भावात." रोज बाटल्यांची झाकणं उघडताना तिला वाटायचं, आपण काहीतरी करतोय.

आणि तो बोलायला लागला की ती काउंटरवर उभी असल्यासारखी पुढे व्हायची.

"ते..." तो म्हणायचा.

"पाणी? चष्मा? पंखा कमी करू?"

तो थांबायचा. तिच्याकडे बघायचा. मग पंख्याला मान हलवायचा. बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबरच यायचा, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. चुकली असती तर त्याला शोधावं लागलं असतं, चिडावं लागलं असतं. काही आठवड्यांत तो नुसतं बोट दाखवायला लागला. मग तेही कमी झालं. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, "त्यांना काही बोलावंच लागत नाही. डोळे बघितले की कळतं मला."

परगावाहून लेकीचा फोन यायचा. मावशी स्पीकर लावून त्याच्यासमोर धरायची.

"बाबा, कसं वाटतंय?"

तो ओठ हलवायचा. मावशी म्हणायची, "बरं वाटतंय म्हणतायत."

"आई, त्यांना बोलू दे ना."

"तेच तर सांगतायत."

"ते कुठे काय म्हणाले? मी तुझाच आवाज ऐकतेय!"

"तू नको मला शिकवू. इथे मी असते, तू नाही." लेक गप्प व्हायची. समोर तोही गप्प.

थेरपीसाठी बसने हॉस्पिटलात जावं लागायचं, तिथेही तेच. मुलगी त्याला विचारायची, "आज काय खाल्लंत?" आणि उत्तर मावशीकडून यायचं. शेवटी मुलगी नम्रपणे म्हणाली, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मावशी बाहेर जाऊन बसली, पण ते तिला लागलं. कालची पोरगी, हिने मला माझ्या नवऱ्याजवळून उठवावं! पुढच्या वेळी बस चुकली. त्याच्या पुढच्या वेळी दुकानात माल यायचा होता. थेरपी लांब होती, खिडकीतल्या बाटल्या हाताशी होत्या. हळूहळू जाणं सुटलं.

काटेवाला मात्र संध्याकाळचा न चुकता यायचा. खुर्ची ओढून पलंगाजवळ बसायचा. दोघं काय बोलायचे देव जाणे. स्वयंपाकघरातून मावशीला नुसती शांतता ऐकू यायची, मध्येच एखादा हुंकार, मध्येच खुर्चीची करकर. एकदा ती चहा घेऊन आत आली तर नवऱ्याच्या कपाळावर घाम होता, मान ताणलेली, गाल थरथरत होता. काटेवाला पुढे वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून, नुसता बघत होता. ज्या माणसाच्या आवाजाने बाजार हलायचा, त्याची ही गत, आणि ती बघायला हा रोज येऊन बसतो! शिवाय एक अडखळणारा, दुसरा मुका. हा याला काय बोलतं करणार? याचंच वळण त्याला लागायचं.

दारापर्यंत पोचवताना ती म्हणाली, "भाऊजी, राग मानू नका. पण डॉक्टरांनी त्यांना पूर्ण विश्रांती सांगितलीय. माणसं आली की थकतात."

डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलं होतं.

"व-व-वहिनी, तो आज..."

"थकलेच होते ना? मी बघितलं. म्हणून तर म्हणते." तिने चपला त्याच्यासमोर सरकवल्या.

काटेवाल्याने चपला पायात सरकवल्या. मग मान खाली घालून गेला आणि पुन्हा आला नाही. त्यानंतर बरेच दिवस संध्याकाळी नवरा दाराकडे बघत राहायचा. मावशीला वाटायचं, वारा हवाय. ती दार उघडून ठेवायची.

असंच जवळजवळ वर्ष गेलं. हातात थोडी ताकद आली, चाल सुधारली. जीभ होती तिथेच राहिली.

एका दुपारी दुकानात काटेवाला दिसला. मावशी जरा ओशाळली, पण हात सवयीने चालले.

"ख-ख..."

"खोकला? सुका की कफाचा?" बाटली काउंटरवर आलीसुद्धा.

त्याने बाटली दोन बोटांनी बाजूला सारली. "औ-औषधाला नाही आलो. खु-खुशाली विचारायला आलो. घरी यायचं नाही, म-म्हणून इथे आलो."

मागे दोघं-तिघं उभे होते. मावशीला काय बोलावं सुचेना. आणि सुचलं नाही म्हणून, त्या एकदाच, ती थांबली.

"बोलतो का तो?" काटेवाल्याने विचारलं.

"कुठे हो. एक शब्द नाही."

"मा-माझ्याशी बोलायचा की."

"काय?"

"शेवटी आलो त्या दिवशी त्याने म-मला शिवी दिली. पूर्ण. 'काट्या, लेका, तुझा काटा खोटा.' पु-पुष्कळ वेळ लागला. घाम फुटला. पण पूर्ण वाक्य. तुम्हाला द-दारात तेच सांगत होतो."

"मग माझ्यासमोर का नाही बोलले कधी?"

काटेवाला बराच वेळ शब्द जुळवत राहिला. मागचं गिऱ्हाईक चुळबुळलं. कुणी काही पुरवलं नाही.

"तुम्ही आत आलात की थां-थांबायचा. वहिनी, माझं बोलणं लोक लहानपणापासून पुरं करतात. चां-चांगल्या मनाने करतात. तोही करायचा. मग माणूस म्हणतो, जाऊ दे. त्यांनाच बोलू दे."

एवढं बोलून तो थकला, हसल्यासारखं केलं आणि निघाला. "येत जा हो, भाऊजी," ती मागून म्हणाली. तो वळला, मान हलवली. "लेकाकडे चाललोय, द-दुसऱ्या गावी. काम सोडलं. जमलं तर फोन करीन. फोनवर मी आ-आणखी वाईट."

मागचा माणूस पुढे आला. "ते माझं..." त्याने सुरुवात केली. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. त्याला काय हवंय ते तिला कळलं होतं, पण हात उठेना.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन ती नवऱ्याला थेरपीला घेऊन गेली. ती मुलगी रागावली नाही. त्याची तपासणी केली, चित्रं दाखवली, थांबून थांबून प्रश्न विचारले. मावशी न सांगता बाहेर जाऊन बसली होती. शेवटी मुलगी बाहेर आली.

"पहिल्यापासून नीट केलं असतं तर..." मावशीने विचारायला घेतलं आणि तिचंच वाक्य अडकलं. मुलगी थांबली. पुढचं पुरवलं नाही तिने. मावशीला ते पूर्ण करावं लागलं. "...तर आज बोलले असते का?"

"सांगता येत नाही," मुलगी म्हणाली. "काही जण बोलतात, काही नाही. आतासुद्धा थोडं येईल, पण हळू. आणि सुरुवातीला जेवढं आलं असतं तेवढं येईलच असं नाही."

'तुमच्यामुळे झालं' असं ती म्हणाली असती तर मावशी भांडली तरी असती. 'तुमच्यामुळे नाही' म्हणाली असती तर रडून मोकळी झाली असती. 'सांगता येत नाही' याचं काय करायचं? ते घेऊन ती बसमध्ये बसली, आणि तेच घेऊन पुढे जगायचं होतं.

त्या संध्याकाळी तिने गॅसवर दूध ठेवलं आणि पलंगाजवळ खुर्ची ओढली. हातात काही घेतलं नाही. तो तिच्याकडे बघायला लागला. ही रिकामी कशी बसली म्हणून असेल.

"काही बोलायचंय?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही. मग बऱ्याच वेळाने, "ती..."

मावशीच्या जिभेवर शब्दांची रांग उभी राहिली. ती गोळी, ती चादर, ती खिडकी. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबले. त्याच्या कपाळावर शीर उठली. ओठ वाकडे झाले. "ती... शि..." डोळे तिच्यावर होते; ती आता उठेल याची वाट बघत असल्यासारखे. ती उठली नाही. दूध फसफसल्याचा आवाज आला, मग करपल्याचा वास. तिने पायाचे अंगठे जमिनीत रोवले.

"शिडी," तो म्हणाला.

शिडी? तिला काहीच कळलं नाही. तिच्या सगळ्या अंदाजांत हा शब्द कुठेच नव्हता.

"दु... दुकान. ह... हलते?"

आणि मग तिला आठवलं. तो आजारी पडायच्या आदल्या दिवशी ती नडगीला काळंनिळं घेऊन घरी आली होती. दुकानातली वरच्या फळ्यांची शिडी डगमगत होती, तिच्यावरून तिचा पाय सटकला होता. तो तेव्हा उसळून म्हणाला होता, "उद्या येतो आणि तुझ्या मालकाची हजेरी घेतो. पडलीस तर कोण बघणार?" तो 'उद्या' उजाडला तो सफरचंदांच्या पेट्यांसमोर. पुढे मालक स्वतःच त्या शिडीवरून घसरले आणि नवी शिडी आणली. त्याला आता वर्ष होत आलं. तीसुद्धा ती शिडी विसरून गेली होती.

तो विसरला नव्हता. रोज सकाळी ती कामावर निघाली की तो तिचं कोपर धरायचा, काहीतरी म्हणू बघायचा. ती सांगायची, "येते हो लवकर. औषध काढून ठेवलंय." आणि हात सोडवून निघायची. वर्षभर तिने त्याच्या प्रत्येक अर्ध्या शब्दाला पाणी दिलं, चष्मा दिला, उशी दिली. गिऱ्हाइकाला काहीतरी हवं असतं, म्हणूनच ते दुकानात येतं. या माणसाला तिच्याकडून काही नको होतं. तिची काळजी वाटत होती, तेवढंच विचारायचं होतं.

"बदलली," ती म्हणाली. "केव्हाच बदलली हो. नवी आहे. हलत नाही."

त्याने एक मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. मग डाव्या हाताने तिचा हात ओढून घेतला आणि पुन्हा मान ताणली.

"आणि..."

ती थांबली. बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची साखळी चढवत होतं, ते झालं, सायकल गेली. शेजारच्यांचा दिवा लागला. स्वयंपाकघरातलं दूध ओट्यावरून खाली ओघळून थंड होत होतं. त्याचे ओठ दोनदा जुळले, दोनदा सुटले. मग त्याने हळूच मान हलवली, अर्ध्या चेहऱ्याने हसला आणि तिच्या हातावर थोपटलं. राहू दे.

"नाही हो," ती म्हणाली. "मी आहे बसलेली."

पण तो थकला होता. डोळे मिटले. तिने त्या 'आणि'च्या पुढे काहीही लावून बघितलं नाही. खोलीत अंधार होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.